एकदाच दाबलं

१

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला टायपिंगच्या वर्गातून अडतीस माणसं नाहीशी झाली.

घाबरू नका, माणसं आपापल्या घरी धडधाकट होती. कुणी रक्तदाबाची गोळी शोधत होतं, कुणी नातवंडामागे धावत होतं. नाहीशी झाली होती ती त्यांची नावं, आणि तीही वेचून वेचून. बाईंच्या पहिल्या तीन तुकड्यांपैकी एकोणचाळीस जणांनी रविवारच्या मेळाव्याला येतो म्हणून कळवलं होतं. छापून आलेल्या यादीत त्यातला एकच शिल्लक होता. बाकीच्या प्रत्येकापुढे लिहिलं होतं, रद्द.

वर्ग होता घड्याळाच्या दुकानावरच्या पहिल्या मजल्यावर. एकेकाळी तिथे बारा टाइपरायटर सकाळी सातपासून असे कडकडत की खालच्या घड्याळवाल्याला स्वतःच्या दुकानातली टिकटिक ऐकू येत नसे. तो दोन महिने भांडला, मग कंटाळून स्वतःच शिकायला वर आला. असे ते दिवस. आता बाई चौऱ्याऐंशीच्या झाल्या होत्या, मशीनवर झाकणं चढली होती, आणि येत्या रविवारी वर्गाला कायमचं कुलूप लागणार होतं. त्याआधी जुन्यांना एकदा डोळे भरून बघायचं, एवढीच बाईंची इच्छा.

बाईंनी यादी डोळ्यांजवळ धरून वाचली, मग लांब धरून वाचली.

"येणार नाहीत होय," एवढंच म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. त्या बसण्यातच सगळं आलं.

खुर्च्या मोजायला आलेला स्टेनो हे बघत होता. स्टेनो म्हणजे पहिल्या तुकडीचा विद्यार्थी, कोर्टात चौतीस वर्षं लघुलेखक. खुनापासून बांधाच्या भांडणापर्यंत हजारो साक्षी त्यानं उतरवून घेतल्या होत्या. खरं नाव आता त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागायचं. त्यानं यादीत स्वतःला शोधलं. रद्द! मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

"बाई, मी नाव दिलं होतं! बटण दाबलं, 'आभारी आहोत' असं आलंसुद्धा. एकदाच दाबलं. एकदाच! शपथेवर सांगतो."

त्यानं तिथूनच चौघांना फोन लावले. चौघंही तेच म्हणाले: नाव दिलं, एकदाच दाबलं. चार साक्षीदारांची साक्ष शब्दाला शब्द जुळली की कोर्टात वकील म्हणत, एक तर खरं आहे, नाहीतर पढवलेलं आहे. तिसरी शक्यता स्टेनोला कोणी शिकवली नव्हती.

"मग नावं काढली कोणी?" बाईंनी विचारलं. "यादीचा पासवर्ड कोणाकडे आहे?"

दोघांच्याही माना ताईकडे वळल्या. ताई दाराशी पाण्याचा जग घेऊन उभी होती. पहिल्या तुकडीबरोबर शिकायला आली आणि मदतीला म्हणून राहिली ती राहिलीच. रिबिनी बदलणं, मशीनला तेल देणं, बाईंना दम लागला की पंखा वाढवणं, सगळं तीच करायची. आणि महिन्याभरापूर्वी तीच सगळ्यांदेखत म्हणाली होती, "जुन्यांची एवढी गर्दी कशाला? बाईंना सोसायचं नाही."

"तू काढलीस?" बाई म्हणाल्या.

"मी काढली नाहीत."

"स्टेनो शपथेवर सांगतोय. त्यानं उतरवलेली साक्ष जज्ज मानत. उद्यापासून येऊ नकोस तू."

ताईनं जग टेबलावर ठेवला, पदरानं हात पुसले आणि जिना उतरून गेली.

२

जिन्यावरचा पायांचा आवाज थांबला तेव्हा कुठे स्टेनोला कळलं की आपण काय करून बसलो.

त्याला आठवली परीक्षेची सकाळ. ऐन वेळी त्याच्या मशीनची रिबीन वाळली, अक्षरं भुतासारखी फिकट उमटायला लागली, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. ताईनं स्वतःच्या मशीनवरची रिबीन काढून त्याला चढवून दिली. तिचे हात कोपरापर्यंत शाईनं माखले होते. तिचा स्वतःचा पेपर मग फिकट गेला आणि ती नापास झाली. स्टेनोला कोर्टात नोकरी लागली. हे त्यानं कधी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि तिनं तर नाहीच नाही.

दुपारीच तो तिच्या घरी गेला. दोन खोल्या, खिडकीत वाळत घातलेले टॉवेल. ताई तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं नाही.

"ताई, मला फक्त एवढंच विचारायचंय..."

"मी काढली नाहीत. एकदाच सांगते. पुन्हा विचारलंस तर दार लावून घेईन."

"मग निदान काही सुचतंय का तुला?"

"तू कोर्टातला. तूच सांग." तिनं एक खडा बाजूला टाकला. "त्या यादीत वेळ छापलेली असते, ती बघितलीस? नाव कधी आलं आणि कधी गेलं?"

त्यानं खिशातली यादी उलगडली. त्याचं नाव दहा वाजून चौदा मिनिटं सात सेकंदांनी आलं होतं. गेलं होतं दहा चौदा आठला. खालचं नाव बघितलं, त्याखालचं बघितलं. कुठे एक सेकंद, कुठे दीड.

"पंधरा दिवस लोक नावं देत होते," ताई म्हणाली. "कोणी पहाटे, कोणी जेवताना. प्रत्येक नाव आल्या आल्या एका सेकंदात पुसायला मी काय तिथे पाट टाकून बसले होते?"

स्टेनोनं यादीची घडी घातली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि दोर त्यानंच वळला होता. पण मग चोर कोण?

३

स्टेनोची पुतणी वेबसाइट बनवते. वर्गाची साइट तिनंच केली होती, आणि केली होती हौसेनं. बुधवारी सकाळी काका दारात उभा राहिलेला बघून ती म्हणाली, "या. संशय घ्यायचा तर आधी माझ्यावरच घ्या. मला पासवर्ड लागतच नाही, घर मीच बांधलंय."

"तू कशाला काढशील?"

"तेच तर. ताई तरी कशाला काढेल?"

स्टेनोनं वही उघडली. जुनी खोड. वहीत दोन संशयित आणखी होते. एक, मागच्या खोलीत संगणक शिकवणारे सर. त्यांच्या बासष्ट विद्यार्थ्यांपैकी एकाचंही नाव गेलं नव्हतं. सरांना विचारल्यावर ते हसले होते: "अहो, माझी मुलं निम्मी येणारच नाहीत. तुमचे म्हातारे आले तरच मेळावा भरेल!" दुसरा, घड्याळवाला. जुन्यांमध्ये तो एकटाच कसा वाचला? त्याला विचारलं तर म्हणाला, "मला काय माहीत? फोनवरून दिलं नाव, झालं." दोघांच्याही बोलण्यात खोट दिसत नव्हती. घोडं कुठे पेंड खातंय तेच कळेना.

"तुझ्या साइटवर होतं काय नेमकं? मला समजेल असं सांग."

"बटण एकच आहे. नाव यादीत नसेल तर घालतं, असेल तर काढतं. येणं रद्द करायचं असलं तर पुन्हा दाबायचं. पान आपलं हळू आहे, उत्तर यायला तीन-चार सेकंद लागतात. तेवढ्यात माणसाला कळायला हवं ना की आपलं बोट लागलं? म्हणून फोन असेल तर बोटाखाली बटण हिरवं होतं."

"आणि फोन नसेल तर?"

"संगणकावर माउसचा बाण बटणावर गेला की त्याचा हात होतो, तेवढं पुरतं. कोण कुठून आलंय ते साइटला कळतं. ब्राउझर येतानाच आपली ओळख सांगतो, मी फोन, मी संगणक, अशी. मी ती वाचते."

"दारावरचा पहारेकरी नाव विचारतो तसं."

"तसंच. एरवी बोट लागलं की ब्राउझर स्वतःहून एक करडा डाग दाखवतो. तो मला फार कुरूप वाटला, मी काढून टाकला." तिनं नोंदी उघडल्या आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "काका, ही अडतीसच्या अडतीस नावं संगणकावरून काढली गेलीत."

स्टेनोला वर्गाच्या कचेरीतला संगणक आठवला. यादी त्यावरच उघडली जायची, आणि त्यावर ताई बसायची.

"आणि दिली कुठून?"

"तीही संगणकावरूनच. त्याच त्याच संगणकावरून." ती गोंधळली. "तुमचंसुद्धा."

"माझ्याकडे संगणक नाहीच मुळी! मी माझ्या टॅबलेटवरून दिलं. डोळ्यांना बरा पडतो म्हणून मुलानं पाठवलाय."

मग पुतणीनं साइटची चाचणीची प्रत काढली. "आणलाय का बरोबर? परत एकदा द्या बघू नाव. अगदी त्या दिवशी दिलंत तसं."

स्टेनोनं नाव लिहिलं, बटण दाबलं आणि मांडीवर हात ठेवले. पुतणी पडद्याकडे बघत होती. तिचा चेहरा बदलला.

"काका, किती वेळा दाबलंत?"

"एकदा."

"नक्की?"

"अगं, चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या साक्षी लिहिल्या. मला एक आणि दोन कळत नाहीत होय?"

तिनं पडदा त्याच्याकडे फिरवला. तिथे दोन ठोके होते. मध्ये सेकंदभर अंतर.

४

माणसाला आपण खोटं बोलतो हे कळलं तर त्याला लाज वाटते. पण आपण खोटं बोलतोय हे आपल्यालाच माहीत नव्हतं असं कळलं तर? पुतणीला घेऊन स्टेनो थेट टपालवालीकडे गेला.

टपालवालीही पहिल्या तुकडीची. टायपिंगवर टपाल खात्यात लागली, तारा ठोकता ठोकता निवृत्त झाली. तिनं चहा टाकला आणि लेकीनं दिलेला टॅबलेट साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला.

"त्या दिवशी नाव दिलंस ना, तसंच पुन्हा दे," स्टेनो म्हणाला. ह्या वेळी त्यानं नजर तिच्या बोटावर ठेवली.

तिनं नाव लिहिलं. बोट उचललं, मनगट सरळ, अगदी बाईंनी शिकवलेलं. ठक. बटण होतं तसंच राहिलं, पांढरं. एक श्वास गेला. ठक.

"दोनदा दाबलंस."

"कोण, मी? चष्मा बदल."

"अगं, आत्ता माझ्या डोळ्यांदेखत!"

"ते दोनदा नव्हे रे," टपालवाली एखाद्या मठ्ठ पोराला समजावावं तशी म्हणाली. "पहिला ठोका उमटला कुठे? उमटला नाही तो मोजायचा कसा?"

स्टेनोनं कप बशीत ठेवला. ती खोली, तो खडखडाट, हातात पट्टी घेऊन फिरणाऱ्या बाई, सगळं एकदम समोर आलं. अक्षर फिकट आलं तर थांबू नका. एक घर मागे या, त्याच जागी पुन्हा ठोका द्या, लय मोडू नका. दोन ठोक्यांचं एकच अक्षर, ते एकच धरा. रोज सकाळी, वर्षभर, बोटांत भिनेपर्यंत. पन्नास वर्षांनीसुद्धा ते गेलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"घड्याळवाल्याकडे चला," तो उठत म्हणाला.

घड्याळवाला दुकानातच होता, डोळ्याला भिंग लावून. पुतणीनं त्याच्या फोनवर तेच पान उघडून दिलं. त्यानं एकदा दाबलं आणि हात मागे घेतला.

"परत नाही दाबत?" स्टेनोनं विचारलं.

"हिरवं झालं की," घड्याळवाला म्हणाला. "उमटलेल्यावर परत कशाला ठोकू? बाईंनी कान उपटले असते."

५

गुरुवारी स्टेनोनं सगळ्यांना वर्गात बोलावलं. बाई खुर्चीत बसल्या होत्या. पाणी कोणी आणलं नव्हतं, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"नावं कोणी काढली नाहीत, बाई," स्टेनो म्हणाला. "आम्हीच काढली. एकेकानं स्वतःचं. मी माझं काढलं."

त्यानं पहिल्यापासून सांगितलं. जुन्यांचे डोळे अधू झाले, म्हणून मुलांनी त्यांना मोठ्या पडद्याचे टॅबलेट दिले. पुतणीनं पुढचं सांगितलं: हे टॅबलेट दारावर आपली ओळख मुद्दाम संगणक म्हणून सांगतात, म्हणजे त्यांना फोनचं छोटं पान न मिळता पूर्ण पान मिळतं. साइटनं त्यांचं खरं मानलं. मग बटण ना हिरवं झालं, ना माउसचा हात आला, कारण माउस नव्हताच. आणि करडा डाग तर तिनंच पुसला होता. बोटाखाली काहीच उमटलं नाही.

"नव्या मुलांनी फोनवरून दिलं, त्यांचं हिरवं झालं," स्टेनो म्हणाला. "सरांच्या ज्या मुलांनी टॅबलेटवरून दिलं ती नुसती वाट बघत बसली. त्यांच्या बोटांना सवय नाही. आमच्या आहे. उमटलं नाही की आमचं बोट पुन्हा जातं, आणि ते आम्ही मोजत नाही. पहिल्या ठोक्याला नाव आलं, दुसऱ्याला गेलं. पडद्यावर दोन्ही वेळा 'आभारी आहोत'!"

"माझीच चूक," पुतणी म्हणाली. "नाव विचारून माणूस ओळखला. आता मी नाव विचारत नाही. तुला बोटाचा स्पर्श कळतो का, एवढंच विचारते. कळत असेल तर बोटाखाली रंग. काल बदल केला तरी टपालवाली मावशींच्या टॅबलेटवर रंग येईना. त्यांच्या ब्राउझरची तऱ्हाच न्यारी, स्पर्शाकडे कान देणारं पानात कोणीतरी बसवल्याशिवाय तो दाबलेलं दाखवतच नाही. मग कोडमध्ये एक ओळ घातली. ती करत काही नाही, नुसती ऐकते. आणि रद्दचं बटण वेगळं केलंय, विचारून खात्री करणारं."

टपालवालीनं टॅबलेट पुढे ओढला आणि दाबलं. बटण हिरवं झालं. तिचं बोट जागच्या जागी थांबलं.

"उमटलं गं बाई!" ती म्हणाली, आणि सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

"म्हणजे माझ्याच शिकवणीनं पुसली," त्या हळूच म्हणाल्या. मग स्टेनोकडे वळून: "ताई जाताना काय म्हणाली?"

"मी काढली नाहीत. एवढंच."

"मला काठी दे," बाई म्हणाल्या.

६

ताईच्या घराचा जिना बाईंनी चार ठिकाणी थांबून चढला. त्यांना आधार देताना स्टेनोच्या लक्षात आलं की ह्या कामाची त्याला सवयच नाही. कुठे धरायचं, कधी थांबायचं, काही माहीत नव्हतं.

ताईनं दार उघडलं आणि दारातच उभी राहिली.

"माझी साक्ष खोटी होती," स्टेनो म्हणाला. रात्रभर घोळवलेलं सगळं भाषण विसरून तो एवढंच बोलू शकला. "मी दोनदा दाबलं होतं. मला माहीत नव्हतं, पण दाबलं होतं. तुझ्यावर आलं ते माझ्यामुळे. आणि परीक्षेचंही मी कधी बोललो नाही, ताई. तेव्हाही नाही, नंतरही नाही."

"कळलं," ताई म्हणाली. ती त्याच्याकडे बघत नव्हती, बाईंकडे बघत होती. "तो म्हणाला एकदाच दाबलं, ते तुम्ही लगेच मानलंत. मीही एकदाच सांगितलं होतं. माझं का नाही मानलंत, बाई?"

बाईंना दम लागला होता. त्या पायरीवर बसल्या. काठी त्यांनी बाजूला ठेवली.

"तो पन्नास वर्षांनी आला होता गं. तू रोजची होतीस. गेलेल्यांची वाट बघता बघता मला राहिलेली दिसेनाशी झाली. चुकलं माझं. माफ कर मला."

खालच्या मजल्यावर कोणाचा तरी रेडिओ चालू होता. ताईनं डोळे पुसले, मग आत जाऊन पाणी आणलं, बाईंना दिलं आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसली.

"यादीत माझं नाव आहे का?" तिनं विचारलं.

स्टेनोनं खिशातली यादी उलगडली. नव्हतं. पहिल्या तुकडीची ती, पण तिला बोलवायचं कोणाला सुचलंच नव्हतं. ती असणारच होती ना.

"येईन मी रविवारी," ताई म्हणाली. "पण मदतीला नाही येणार. खुर्चीत बसायला येईन."

रविवारी अडतीसही जण आले. घड्याळवाला दुकान बंद करून आला, टपालवाली लेकीला घेऊन आली. सगळ्यांनी मशीनवरची झाकणं काढली, आणि तासभर तो जिना, ती खिडकी आणि खालचा रस्ता पुन्हा त्या जुन्या खडखडाटानं भरून गेला. ताई पहिल्या रांगेत, बाईंच्या अगदी समोर बसली होती. बाई हजेरी घ्यायला उठल्या आणि पहिलं नाव त्यांनी तिचं घेतलं, पूर्ण, आडनावासकट. ते कित्येकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं.

पाणी स्टेनोनं वाटलं.